कपाटकाका आणि तिसरा मजला

कपाटकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता एकही उरलेलं नाही. बायको तर पहिल्यापासून 'अहो'वरच भागवत आलेली. उभा जन्म त्यांनी लोकांचं सामान घरोघर पोचवण्यात घालवला. चौघांनी मिळून धरायचं लोखंडी कपाट ते एकटे पाठीला पट्टा बांधून जिन्यानं वर नेत आणि दारात पोचले की खणखणीत आवाजात विचारत, "कपाट आलंय! कुठे ठेवायचं?" आतल्या बाईचं ठरेपर्यंत पाठीवर कपाट घेऊन तिच्याशी हवापाण्याच्या गप्पाही मारत. हा सगळा देखावाच होता म्हणा, पण लोक तो बघायला जिन्यात जमत.

आता कपाटं दुसरे उचलतात. तरुणपणापासून ओढलेल्या सिगारेटी आणि जुन्या सामानाची धूळ, दोघींनी मिळून काकांच्या छातीत घर केलं होतं, आणि तेही भाड्याचं नव्हे, मालकीचं. सिगारेट सोडली का, असं कुणी विचारलं की काका म्हणत, "सोडल्यातच जमा आहे." म्हणजे बायकोसमोर सोडली होती.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आपल्याला धाप लागते हे कुणाच्या लक्षात येऊ न देण्याची काकांनी एक कलाच साधली होती. घरापासून चौकापर्यंतचा रस्ता चढाचा. काका थोडं चालत आणि घड्याळाच्या दुकानापाशी थांबून मनगटावरचं घड्याळ लावून घेत. बरोबर चाललेलं घड्याळ रोज लावून लावून बिचारं बिघडलं. पुढे न्हाव्याच्या दारात थांबून आत कोण बसलंय ते बघत. त्याच्या पुढे चपलेचा पट्टा नीट करत. गल्लीचं मत असं होतं, की माणूस असावा तर कपाटकाकांसारखा, सगळ्यांची विचारपूस करतो. काका विचारपूस करत हे खरं. उत्तर लांबलचक यावं एवढीच त्यांची इच्छा असे.

त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन गावातच, पण तिसऱ्या मजल्यावर राहत होती. लिफ्ट नाही. जावई चष्मे बनवणारा, अंगानं काडीपैलवान. लग्नाआधी काका बोलून गेले होते, "अगं, याला फुंकर मारली तर उडेल!" ते वाक्य मुलीच्या जिव्हारी लागलं. पुढे काकांना जावई आवडायला लागला, इतका की चष्म्याची गरज नसताना त्यांनी त्याच्याकडून दोन चष्मे करून घेतले. पण मुलीच्या घरी ते एकदाही गेले नाहीत. दर वेळी काहीतरी निघे. आज पोट बरं नाही, उद्या कुणीतरी भेटायला येणार. जो माणूस शहरातले निम्मे जिने कपाट घेऊन चढलाय, त्याला जिना नडेल हे मुलीच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. ती एकच समजली: बाबांनी आपल्या नवऱ्याला अजून माफ केलेलं नाही.

आणि मग पाळण्याचं प्रकरण झालं.

चढाच्या ऐन मध्यावर, जिथे काकांचा दम पुरता संपे, तिथे नेमकं लहान मुलांच्या पाळण्यांचं दुकान होतं. तिथे घड्याळ नाही, न्हावी नाही. मग काका पाळणेच बघत उभे राहायचे. कठड्यावरून हात फिरवायचे, लाकूड कुठलं ते विचारायचे. कपाटवाल्याला लाकडातलं कळतं, त्यामुळे प्रश्नही मुद्द्याचे असत. दुकानदारानं काही दिवस वाट पाहिली आणि मग दोन अधिक दोन पाच करून टाकले. त्यानं न्हाव्याला सांगितलं, न्हाव्यानं सगळ्यांना. आठवडाभरात मुलीला रस्त्यात थांबवून अनोळखी बायका सांगायला लागल्या, की जड काही उचलू नकोस.

मुलगी तडक माहेरी आली. चप्पलही काढली नाही.

"बाबा, माझ्या घरी पाय ठेवायचा नाही, आणि मला बाळ होणार म्हणून गावभर दवंडी पिटायची? हा कुठला न्याय?"

"अगं, मी कुणाला काही बोललो नाही."

"मग पाळण्याच्या दुकानात रोज काय करता?"

खरं सांगितलं तर उभ्या जन्माची कमाई जाणार होती.

"बघत होतो," ते म्हणाले.

"बघा मग! तुम्ही माझ्या घरी याल, त्या दिवसानंतरच मी या घरात येईन. तोवर नाही." आणि ती गेली. काकूंनी पदराला डोळे पुसले आणि मग नवऱ्याकडे असं पाहिलं, की काकांना खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

दुसऱ्या दिवशी काका घराजवळच्या दवाखान्यात गेले. गेली कित्येक वर्षं ते एकाच फॅमिली डॉक्टरकडे जात, म्हातारे डॉक्टर विचारत, "काय, धाप लागते का?" काका म्हणत, "छे!" डॉक्टर म्हणत, "उत्तम," आणि तोच तोंडावाटे ओढायच्या औषधाचा पंप पुन्हा लिहून देत. यात काका खोटं बोलत नव्हते. धाप लागेल असं काही ते करतच नव्हते. आता त्या डॉक्टरांच्या खुर्चीत त्यांचीच डॉक्टर झालेली मुलगी बसत होती.

"डॉक्टरीणबाई, मला एक चिठ्ठी हवी," काका म्हणाले. "माझे गुडघे गेलेत, जिना चढायला मनाई आहे, अशी."

डॉक्टरीणबाईंनी गुडघे वाकवून पाहिले, दाबून पाहिले. "काका, हे गुडघे अजून दोन कपाटं नेतील. काय भानगड आहे?"

"भानगड कसली?"

"बरं, दुसरं सांगा. दोन वर्षांपूर्वी करत होतात आणि आता करत नाही, असं काय काय आहे?"

हा प्रश्न काकांना आजवर कुणी विचारला नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर तयार नव्हतं. ते भाबडेपणानं सांगू लागले. बाजारात जात नाही, बायको जाते. गाणं म्हणत आंघोळ करत नाही. मोज्यांचा कंटाळा येतो म्हणून बूट सोडले. माडीवर झोपायचो, आता खाली झोपतो. आणि मुलीकडे... इथे ते थांबले. आपण सामान उचलत उचलत सगळं घरच रिकामं करून टाकलंय, हे त्यांना तिथे त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं, आणि फार वाईट वाटलं.

"चला," डॉक्टरीणबाई उठल्या. "मला चौकात जायचंय. सोबत चालू."

काकांनी घड्याळ लावलं. न्हाव्याची विचारपूस केली. चपलेचा पट्टा नीट केला. डॉक्टरीणबाई प्रत्येक ठिकाणी सोबत थांबल्या. पाळण्यांच्या दुकानाशी काका खांबाला धरून उभे राहिले, तसा दुकानदार बाहेर आला. "काका, आज बाईंनाच घेऊन आलात? म्हणजे दिवस भरत आले की काय?"

डॉक्टरीणबाईंनी एकदा पाळण्यांकडे पाहिलं, एकदा काकांच्या वरखाली होणाऱ्या खांद्यांकडे. आणि त्यांना इतकं हसू फुटलं की तोंडावर हात ठेवावा लागला. मग मात्र त्या गंभीर झाल्या. "काका, तुमची छाती माझ्या दवाखान्यात गप्प बसते आणि इथे रस्त्यावर बोलते. चूक आमची आहे. आम्ही भलतंच विचारत होतो."

त्यांनी दवाखान्यात गुरुवारची दुपार फक्त छातीच्या पेशंटसाठी ठेवली होती. घाई नाही, रांग नाही. आधी सिस्टर प्रत्येकाला आपापला पंप घेऊन दाखवायला लावायच्या. काकांनी ऐटीत पंप तोंडात धरला, दाबला, आणि औषधाचा ढग तोंडातून तसाच बाहेर आला.

"हे औषध तुम्ही माश्यांना मारताय का?" सिस्टर म्हणाल्या. "बरं, सिगारेट कशी ओढायचात ते दाखवा."

काकांनी दोन बोटं ओठांशी नेली, डोळे अर्धे मिटले, संथ, लांब, खोल दम ओढला आणि छातीत धरून ठेवला. बघत राहावं असं काम.

"झालं! विषाला एवढा मान आणि औषधाला दारातून परत? तस्सं ओढा हे."

काका वरमले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या दिवसापासून पंप छातीत उतरू लागला, आणि सिगारेट खरोखर सुटली. काकूंनी त्याची खात्री खिशांतून, गादीखालून आणि डाळीच्या डब्यातून करून घेतली. सिस्टरांनी फुंकर शिकवली: नाकानं घ्यायचं, ओठ आवळून हळूच सोडायचं. रोज थोडं चालणं. अध्येमध्ये सिस्टरांचा फोन, की काका, आज चाललात का? डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं, की गेलेली छाती परत येणार नाही, पण आहे ती नीट वापरता येईल. "आणि थांबावंसं वाटलं तर थांबा. निमित्तं काढू नका. निमित्त काढायलाही दम लागतो."

हे शेवटचं पथ्य सगळ्यांत कडू होतं.

काही महिन्यांनी एका सकाळी काका काकूंनाही न सांगता मुलीच्या बिल्डिंगखाली जाऊन उभे राहिले. पहिला मजला बरा गेला. दुसऱ्यावर ते भिंतीला टेकून फुंकर सोडत होते, तेवढ्यात एक दार उघडलं. जुनी खोड, काकांची नजर आपोआप भिंतीवरच्या विजेच्या मीटरवर गेली.

"बरं झालं आलात!" दारातला गृहस्थ म्हणाला. "आमचं बिल बघा, अव्वाच्या सव्वा आलंय!"

काकांना दोन मीटरचे आकडे वाचून दाखवावे लागले आणि 'साहेबांच्या कानावर घालतो' असं कबूल करावं लागलं. तोवर श्वास जागेवर आला. पडलो तरी नाक वर, ते असं. पण पुढच्या पायऱ्यांवर कुणी दार उघडलं नाही, आणि पाहायलाही काही नव्हतं. एक पायरी, फुंकर. एक पायरी, फुंकर.

मुलीनं दार उघडलं. बाबांना पाहून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग आवळला गेला. आता काय कारण सांगतात, याची ती वाट पाहू लागली. काकांनी एक बोट वर केलं. चौकट धरली. खांदे वरखाली होत होते, ओठ आवळलेले.

"बाबा? बाबा, काय होतंय?"

"थांब," काका म्हणाले. "धाप... लागलीय. जिन्यानं... लागते मला. कधीची."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मागच्या जिन्याकडे पाहिलं, बराच वेळ. न घडलेल्या साऱ्या भेटी, पोटदुखी, पाहुणे, अगदी ते पाळणेसुद्धा, एकेक करून तिच्या डोळ्यांपुढून त्या पायऱ्या उतरत गेले. "म्हणजे तुम्ही रागावला नव्हता?" ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना. आतून काडीपैलवान जावई खुर्ची घेऊन धावत आला, दाराला धडकला, आणि चष्मा सावरत उभा राहिला.

काकांनी एक लांब फुंकर सोडली. जावई उडाला नाही. मग जेवढा होता तेवढ्या आवाजात ते म्हणाले, "कपाट आलंय. कुठे ठेवायचं?"