खोडणाऱ्याचं नाव

वर्ध्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचा सर्व्हर मी सांभाळत होते. गावोगावच्या केंद्रांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हाताऱ्या माणसांची नोंदणी व्हायची आणि ती यादी वर्ध्याला कॉम्प्युटरवर दिसायची. एवढंच काम. पण तळेगाव केंद्राची नावं यादीतून गायब होऊ लागली. माणसं हातात पावती घेऊन एसटीनं यायची, आणि खिडकीवरचा कारकून सांगायचा, "तुमचं नाव नाई इथं."

दवाखान्याच्या सचिवांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, तळेगाव केंद्रावरची बाई ऑपरेशनचे नंबर विकून राह्यली. सकाळी सकाळी शटर अर्धं खाली ओढून कॉम्प्युटरवर बसते, लोकायनं पाह्यलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये तिले काढतो अन् पोलिसात देतो. तुमी फक्त पुरावा काढून द्या."

"पुरावा काय झाडावरून तोडू? तुमच्या सर्व्हरवर लॉगच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणी, कधी, काय केलं, हे तो कुठंच लिहून ठेवत नाही."

प्रोग्राम लिहिणाऱ्या नागपूरच्या माणसानं लॉग बंद करून ठेवला होता. डिस्क भरते म्हणे! तो केव्हाच दुसरी नोकरी धरून गेलेला, फोन उचलत नव्हता. माझं डोकंच फिरलं. एका बाईला पोलिसात द्यायला निघालेत, आणि हातात कागदाचा कपटा नाही.

तळेगावच्या त्या ताईंना मीच कॉम्प्युटर शिकवला होता. नवरा गेलेला, लेक नर्सिंगला, घर या एका पगारावर चाललेलं. त्यांच्यावर आळ आला की तळेगावात राहणं कठीण. मी लॉग बसवतेय हे कळल्यावर त्यांचा फोन आला. "बाई, बसवा तुमचं थे मशीन. खरं काय थे निघू द्या. मी कोणाले भेत नाई."

बोरगाव मेघेला घरी येऊन मी कामाला बसले. सर्व्हर जे जे करील ते सगळं लिहायला सांगितलं. काही म्हणता काही सोडलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी सगळ्या केंद्रांवरची नोंदणी ठप्प! लॉगनं डिस्क गच्च भरून टाकली होती. सचिवांचा फोन आला, "काऊन हो मॅडम, तुमी चोर पकडून राह्यल्या का दवाखाना बंद करून राह्यल्या?" मी धावतपळत डिस्क रिकामी केली. नागपूरच्या माणसाला दिलेल्या शिव्या गपचूप परत घेतल्या.

मग शहाण्यासारखं केलं. यादीतली नोंद बदलली तरच एक ओळ लिहायची: वेळ, कोणाच्या लॉगिननं, आधीचं नाव, नंतरचं नाव, मोबाईलचे शेवटचे आकडे. रोजची फाईल वेगळी, जुनी झाली की दाबून लहान करायची, फार जुनी झाली की काढून टाकायची. सर्व्हर चालू राहिला. पण नावं गेल्याच्या ओळी यायला लागल्या, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीत लॉगिन ताईंचंच होतं.

सोमवारी सकाळी चहा समोर तसाच ठेवून मी त्या ओळी वाचत बसले. ताईंनी एक नाव टाकलं की त्याच क्षणी दुसरं गायब. विकतच असतील का खरंच? मग नजर शेवटच्या आकड्यांवर गेली. गेलेलं नाव आणि आलेलं नाव, दोघांचा मोबाईल एकच. अरे देवा! तळेगावच्या म्हाताऱ्यांजवळ कुठला आलाय मोबाईल? विचारला की सगळी आळी किराणावाल्याचा नंबर सांगते. आणि नागपूरच्या त्या हुशारानं धरून ठेवलेलं की एक मोबाईल म्हणजे एक माणूस. त्याच नंबरावर दुसरं नाव टाकलं की प्रोग्राम पहिलं पुसायचा.

मीटिंगमध्ये सचिवांनी माझ्या हातून कागद ओढून घेतला. "हे पाहा! तिचंच नाव! हर लाईनमध्ये!" ताई दाराजवळच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. पदर तेवढा मुठीत घट्ट धरलेला.

"थांबा हो जरा," मी जवळजवळ ओरडलेच. "तुमचं नाव सांगा. अन् मोबाईल." पडद्यावर सगळ्यांसमोर सचिवांची नोंद केली. मग त्याच मोबाईलवर कारकुनाचं नाव टाकलं. यादी परत उघडली. सचिव गायब.

"आता मला द्या पोलिसात," मी म्हटलं.

सचिवांनी चष्मा पुसला आणि चहा सांगितला. ताईंची माफी काही मागितली नाही.

बाहेर आल्यावर मी ताईंचे हात धरले. मला इतका आनंद झाला होता! पण त्यांचा चेहरा काही खुलेना.

"बाई, ज्याचं नाव गेलं थो माह्या दारात येऊन रडे. म्हणून मी गर्दीच्या आंधी, शटर ओढून सकाळीच बसून त्याचं नाव परत टाकत होती."

"माहीत आहे, ताई."

"थे टाकलं का त्याच नंबरवरचं दुसरं जाये?"

"हो," मी म्हटलं.

"म्हणजे खोडत मीच होती."

"तुम्ही नाही हो! प्रोग्राम खोडत होता."

"बटन तर माह्याच हातानं दाबलं ना." त्यांनी माझ्या लॅपटॉपकडे बोट केलं. "वरच्या आळीतली एक आजी आहे. सगळ्यात आंधी तिचंच नाव गेलतं. म्या परत टाकलं, तिचं ऑपरेशन झालं, आता मले दुरून ओळखते. तिच्यापायी कोणाचं खोडलं म्या? पाहा ना. आता तं लिहून ठेवते म्हणता."

"तेव्हाचं नाही ताई. तेव्हा लॉग नव्हता."

त्यांनी पदर खोचला.

"मंग मले घरोघरी जाऊन इचारा लागन," म्हणाल्या, आणि तळेगावच्या गाडीकडे चालायला लागल्या.