गोष्टींवर आळ

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं, पण तेव्हाही गिळलं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. एवढंच असेल बहुतेक.

आम्ही मूळचे लातूरकडचे. काळेवाडीत दोन खोल्यांत राहायचो. सासूबाई, आम्ही दोघं, आमची ऋतुजा आणि धाकटे दीर. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या लाइनवर होते. कंपनीची बस, शिफ्ट, परत बस. ऋतू पहिलीत गेली त्या वर्षी दिरांचं लग्न झालं आणि शुभांगी घरात आली. माझी जाऊ. बारावी शिकलेली, हसरी, आणि... कसं सांगू, तिच्या तोंडून कुठलीही गोष्ट जिवंत व्हायची.

ती मनानेच गोष्टी रचायची. सगळ्या इमारतींच्या गच्चीवर त्या काळ्या टाक्या असतात ना, त्यांच्या मागे झिपरी नावाची एक मुलगी राहते म्हणे. ओढणीचे पंख बांधते आणि या टाकीवरून त्या टाकीवर उडत जाते. मोशीला जाऊन नदीत पाय धुते. कुणाची चप्पल हरवली, कुणाचं कानातलं हरवलं की शोधून उशीखाली ठेवते. ऋतूचे डोळे एवढाले व्हायचे. पोळी लाटता लाटता शुभांगी सांगायची आणि ही तिच्या गुडघ्याला टेकून बसलेली असायची.

आणि मी? मी दारातून आत यायचे, अंगाला तेलाचा वास, पाय सुजलेले. लेक मान वळवून बघायचीसुद्धा नाही. एकदा चांगली बाहुली आणली. तिने घेतली, गोड हसली, आणि धावत काकूला दाखवायला गेली. एकदा मीही गोष्ट सांगायला बसले. ससा आणला, जंगल आणलं. थोडं ऐकून माझ्या गालाला हात लावत म्हणाली, "राहू दे आई. तू दमलीस ना?" माझी कीव केली हो तिने! सहा वर्षांच्या पोरीने!

त्यानंतर मला शुभांगीचं हसणं सहन होईना. तिच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा. ती माझा डबा भरून द्यायची, माझे कपडे वाळत घालायची, मला ताई ताई करायची — आणि मी मनातल्या मनात तिच्या चुका शोधत असायचे. भाजीत मीठ जास्त झालं तर मला बरं वाटायचं. इतकी जळत होते मी.

त्या दिवशी माझी पहिली शिफ्ट होती. आदल्या दिवशी ऋतूला सांगून ठेवलं होतं, उद्या लवकर येते, आपण दोघीच बाहेर जाऊ, पाणीपुरी खाऊ. दोघीच — हे मी मुद्दाम दोनदा म्हटलं. सकाळी निघताना ती अर्धवट झोपेत पुटपुटली, "आज काकू झिपरीचं पुढचं सांगणारे." बस्स, एवढंच. पण तेच मी दिवसभर मनात घोळवत राहिले. शिफ्ट सुटताना सुपरवायझरने विचारलं, ओव्हरटाइमला कोण थांबतंय? माझं काही नडलं नव्हतं. तरी हात वर केला. म्हटलं, बसू दे झिपरीजवळ. माझी कोण वाट बघतंय तिथे?

घरी फोनसुद्धा केला नाही.

आले तर घराला कुलूप. शेजारच्या बाईंनी दवाखान्याचं नाव सांगितलं. ऋतू गच्चीवर गेली होती, टाकीच्या लोखंडी शिडीवर चढली होती, आणि पाय निसटून खाली आदळली. उजवं कोपर मोडलं. डोकं वाचलं. पाठीला शुभांगीची ओढणी बांधलेली होती, दोन टोकं खांद्यांवर गाठ मारून. आणखी कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. दवाखान्याच्या बाकावर सासूबाई सगळ्यांदेखत शुभांगीला म्हणत होत्या, "लेकराच्या डोक्यात काय भरवलंस गं तू?" शुभांगी नुसती रडत होती.

मी एकटी आत गेले. ऋतू जागी होती. मला बघून म्हणाली, "आई, मी उडत नव्हते गं. वरून मोठा रस्ता दिसतो. तुझी बस बघत होते. किती बस गेल्या, तू उतरलीच नाहीस."

ओढणी दुपारी खेळताना बांधली होती, ती तशीच अंगावर राहिली होती. एवढंच.

तुम्ही काय केलं असतं? दार उघडून सांगितलं असतं ना? चार पावलांवर दार होतं. मी मात्र तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "नाही बाळा. तू झिपरीसारखी उडायला गेलीस. पडलीस ना, म्हणून तुला आठवत नाही."

तिने मान हलवली. मी परत सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं, तिच्यासमोर. भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, तिच्यासमोर. एकदोनदा ती मध्येच "बस" म्हणाली, मग म्हणायची थांबली. पुढे गावाकडून आत्या आली, तेव्हा ऋतू स्वतःच सांगू लागली, "मी उडायला गेले होते." मी तिथेच बसून द्राक्षं धूत होते.

शुभांगी माझ्या पाया पडली. "ताई, माझ्यामुळे झालं." मी तिला उठवलं, जवळ घेतलं, म्हटलं, जाऊ दे, मुद्दाम थोडंच केलंस? माफ केलं मी तिला! सगळ्या घराने माझा मोठेपणा बघितला. सासूबाईंनी तर डोळे पुसले. या सगळ्यात कशाची सर्वांत जास्त लाज वाटते विचाराल, तर ऋतू पडल्याची नाही, खोट्याचीही नाही. त्या माफीची.

मग शाळेत पालकसभा झाली. विषय निघाला मुलांचा. कार्टून, मोबाइल, जादूच्या गोष्टी. एक बाई म्हणाल्या, मुलांना गोष्ट आणि खरं यांतला फरक कळतो, आपल्याला वाटतं त्याहून जास्त कळतो. मी उठले. शेजारी बसलेल्या ऋतूचा प्लास्टरमधला हात वर धरला आणि म्हणाले, "हा बघा फरक." मग टाळ्या पडल्या. त्या बाई खाली बसल्या. शाळेने वाचनाच्या तासातून परीकथा काढून टाकल्या. अशा गोष्टींनी मुलांचं नुकसान होतं का? मला नाही माहीत. एखाद्याचं होतही असेल. पण त्या सभेतला पुरावा खोटा होता, आणि तो माझ्या घरात, माझ्या तोंडाने तयार झाला होता.

शुभांगीने त्यानंतर एकही गोष्ट रचली नाही. पोळ्या मुकाट्याने लाटायची. ऋतू सुरुवातीला तिच्याजवळ जाऊन बसायची, वाट बघायची. मग माझ्याजवळ येऊन बसू लागली. मला हवं होतं तेच झालं. आम्ही दोघी टीव्हीवर मालिका बघायचो.

बरीच वर्षं झाली. दीर आणि शुभांगी मोशीला नव्या सोसायटीत राहायला गेले. त्यांना उशिरा मुलगा झाला, अद्वैत. त्याच्या कपाटात कोडी आहेत, पाढ्यांचे तक्ते आहेत, इंग्रजी अक्षरांचे ठोकळे आहेत. गोष्टीचं पुस्तक एकही नाही. ऋतू आता इंजिनिअरिंगला आहे. कोपर पूर्ण सरळ होत नाही.

परवा आम्ही मोशीला जेवायला गेलो होतो. अद्वैत ऋतूच्या मागे लागला, "दीदी, गोष्ट सांग ना. शाळेतल्या सगळ्यांना घरी सांगतात." ऋतूने त्याला मांडीवर घेतलं आणि समजावलं, "नको रे. खोट्या गोष्टी ऐकून मी एकदा गच्चीवरून उडायला गेले होते. कशी वेड्यासारखी पडले!" शुभांगी कोशिंबीर वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "दीदीचं ऐक राजा. खरं सांगतेय ती."

आणि ऋतूने माझ्याकडे बघितलं. "हो ना गं, आई?"

सगळे तिथेच होते. शुभांगी, दीर, माझा नवरा, ते पोर. मी "हो" म्हणाले.

ऋतू हसली आणि सरकून मला टेकून बसली. मला छान वाटलं.