मामाच्या गाडीतले परदेशी उतारू

माझ्या मामाएवढा दयाळू तुरुंगाधिकारी महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मिळून झाला नसेल. हे वाक्य मी त्याला वाचून दाखवलं, तेव्हा कानात काडी फिरवत तो एवढंच म्हणाला, "तुरुंगाधिकारी खोड. कंडक्टर लिही."

तीस वर्षं लाल गाडीत घंटी वाजवून मामा निवृत्त झाला आणि नाते गावातल्या घराच्या परसात त्याने खोलीएवढा जाळीचा पिंजरा बांधला. आत ऑस्ट्रेलियातली पाखरं: बजी म्हणजे छोटे रंगीत पोपट, तुरेवाले कॉकाटील आणि मुठीत मावतील एवढे फिंच. बसायला भंगारातल्या गाडीचे दांडे, आणि दाराशी खऱ्या गाडीची घंटी, दोरीसकट. सकाळी पडदा उघडताना दोन टोल, म्हणजे निघा. संध्याकाळी पडदा पाडताना एक, म्हणजे थांबा. पिवळ्या तुऱ्याचा, नारिंगी गालांचा एक बारा वर्षांचा कॉकाटील या दोन्ही घंट्यांची इतकी हुबेहूब नक्कल करायचा, की मामी भर दुपारी पडदा पाडायला धावायची. मामा त्या सगळ्यांना "अहो" म्हणायचा. "अहो, पुढे सरका, मागच्यांना बसू द्या." परदेशी पाहुण्यांना अरे-तुरे करायचं नाही, हे त्याचं तत्त्व. "मला 'अगो' नि पाखरांना 'अहो'," मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मामीने सोसलं ते वेगळंच. माझा मामेभाऊ मुंबईहून तिच्यासाठी न चिकटणारा तवा घेऊन आला, तो मामाने त्याच पावली परत पाठवला. असा तवा जास्त तापला तर त्याचा धूर माणसाला कळतही नाही आणि पाखरू मात्र दांड्यावरून खाली पडतं, असं त्याचं म्हणणं. उदबत्ती बंद, डासांची कॉइल बंद. पाहुण्यांनी डासांना रक्त द्यावं आणि सकाळी तक्रार करू नये. राळा आणि बाजरी तो आधी स्वतः चावून बघायचा, चोच घासायला ठेवलेला समुद्रफेसाचा तुकडा नखाने खरवडून बघायचा, आणि दर रविवारी एकेकाला मामीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा. बाहेरचा आजार आत येऊ नये म्हणून नव्या पाखराला महिनाभर न्हाणीघराशेजारी एकटं ठेवायचा. एकदा मी महाडहून कोंबडीच्या दुकानावरून आले, तर मलाही पडवीतच थांबवलं. "पाय धू, हात धू, मग बोल."

मी वाढले ती पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. वडील चळवळीतले. 'निषेध' हा शब्द मी 'आगगाडी'च्या आधी वाचला. तेव्हा सख्ख्या मामाने परसात तुरुंग उघडलेला पाहून मला काय वाटलं असेल ते समजून घ्या. मी रात्रंदिवस खपून 'पंखांना कुलूप नको' हे पत्रक लिहिलं, एका बाजूला छापून घेतलं आणि पहिला गठ्ठा मामाच्या हातात ठेवला. त्याने कागद बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाला, "झकास."

आठवड्याने गेले, तर माझी पत्रकं दांड्यांखालच्या पत्र्यावर पालथी अंथरलेली. कोऱ्या बाजूवर पाखरांची शिट, आणि मामा चष्मा लावून ती बारकाईने बघतोय.

"वर्तमानपत्राची शाई काळी. त्याच्यावर काय दिसत नाय," तो म्हणाला. "आजार पहिला हितं दिसतो. हे बघ, हिरवं बरोबर, पांढरं बरोबर, पाणी जास्त. काल काकडी जास्त झाली."

माझ्या कुठल्याच पत्रकाकडे आजवर कुणी इतक्या लक्षपूर्वक पाहिलं नव्हतं.

"मामा, ही पाखरं मोकळी हवीत."

"कुठं?"

"आकाशात."

"आकाशात कोण राहतं गो? राहायला रान लागतं. आपला पोपट मी कधी धरला नाय. कायद्यानं पण नाय, नि मनानं पण नाय. त्याला रान हाय. ह्यांच्या पणज्याच्या पणज्यानं पण रान बघितलेलं नाय."

"सगळे तुरुंगाधिकारी असंच बोलतात."

"असंल," मामा म्हणाला आणि काकडी उचलून घेतली.

एका माघातल्या दुपारी राळा आणायला तो महाडला गेला आणि पाखरांना पाणी द्यायचं काम माझ्यावर सोपवून गेला. मी दार सताड उघडलं आणि बाजूला उभी राहिले. क्रांती काही झाली नाही. बजी माझ्याकडे बघत राहिले. फिंच आणखी आत सरकले. शेवटी मीच ओढणी झटकून "चला" म्हटलं. त्याबरोबर तो म्हातारा कॉकाटील घाबरून उडाला आणि आंब्यावर बसला. दोन कावळे त्याच्या अंगावर धावून गेले. तो आंब्यावरून उठला आणि दिसेनासा झाला. त्याची मादी जाळीला चिकटून एकसारखी ओरडत होती. आणि मी काय केलं? मी धावत जाऊन दार लावलं. माझ्याच हातांनी. माझा माझ्यावर विश्वास बसेना.

मामाने आल्या आल्या मोजणी केली. "कोण उतरलं?"

मी सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मादीला लहान पिंजऱ्यात घालून त्याने छपरावर ठेवलं, तिचा आवाज लांबवर जावा म्हणून. अंधार पडेपर्यंत स्वतः शेजारी बसून शीळ घालत राहिला. खाली उतरल्यावर म्हणाला, "पत्रक काढ. तुला येतं ना?"

माझ्या आयुष्यात लोकांनी खरोखर वाचलेलं पत्रक तेवढं एकच. 'हरवला आहे: पिवळा तुरा, नारिंगी गाल, घंटीसारखी शीळ.' मामाच्या जुन्या सोबत्यांनी ते गाडीगाडीत चिकटवलं. शिवथरहून एकाने सापडला म्हणून फोन केला. मामा धावत गेला, तो बगळा निघाला. दोन दिवस मामा जेवला नाही, आणि मीही.

तिसऱ्या दिवशी पोलादपूरच्या स्थानकावर कुडपणची गाडी उभी होती. कंडक्टर चहाला उतरलेला. गाडीत दोन घंट्या झाल्या आणि ड्रायव्हरने गाडी काढली. पुढच्या फाट्यापर्यंत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग एक घंटी झाली आणि गाडी थांबली. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "कंडक्टर कुठं हाय?" कुडपणची एक म्हातारी छताखालच्या दांड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हाय की. वर बसलाय."

त्याच्या पाठीमागेच माझं पत्रक चिकटवलेलं होतं. कुणीतरी फोन केला. मामा मादीला मांडीवर घेऊन गेला आणि संध्याकाळी दोघांना घेऊन आला. शेपटीची दोन पिसं गेली होती, वजन उतरलं होतं. तोलून, दाणे घालून, एक घंटी देऊन मामाने पडदा पाडला.

"तू मला रागवत का नाहीस?" मी विचारलं.

तो स्टुलावर चढला आणि पिंजऱ्यातली घरट्यांची मडकी एकेक करून काढू लागला. मडकं दिसलं की जोड्या अंडी घालतात, नसलं की बहुतेक घालत नाहीत.

"तुझ्या पत्रकात शेवटून तिसरी ओळ हाय," तो म्हणाला. "जो आहे त्याला सांभाळा, पण पिंजऱ्यात नवा जन्म नको. ती बरोबर हाय."

"तू वाचलंस?"

"पालथं अंथरायचं तर आधी सुलटं हातात येतंच की."

माझ्या पत्रकाने बदललेला पहिला माणूस. मला आनंद व्हायला हवा होता. मी मडकी हातात घेऊन उभी राहिले आणि ती कुठे ठेवावीत तेही मला सुचेना.

त्याला आता काही वर्षं झाली. फिंच संपले. पाच बजी उरले आहेत आणि तो म्हातारा कॉकाटील, मादी गेल्यापासून एकटा. दांडे जवळजवळ रिकामे असतात, तरी मामा रोज सकाळी म्हणतो, "अहो, पुढे सरका." पूर्वी मी निघाले की म्हातारा दोन घंट्या द्यायचा. हल्ली एकच देतो. वय झालं, दुसरी विसरतो, असं मामी म्हणते. मी मात्र पायात घातलेल्या चपला पुन्हा काढते आणि पडवीत टेकते. एक घंटी झाली की गाडी हलवायची नसते.