म्हाळसाबाईची किळस

म्हाळसाबाईला कशाचीच किळस येत नाही, असं तिच्या वस्तीवर कुणीही सांगेल. अडलेल्या मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तिनं आडवं आलेलं कोकरू सरळ केलंय. खुरातल्या अळ्या काडीनं वेचल्यात, हाताला राख चोळलीय आणि त्याच हातानं भाकरी थापलीय. वैरागच्या पलीकडं माळावर तिची मेंढरं; लेंड्यांचा वास तिला वास वाटतच नाही. पण माणूस थुंकला की मात्र तिला तिथं उभं राहवत नाही.

"जनावर कदी थुकतंय का?" हा तिचा जन्माचा सवाल. "मेंढरू हागतंय ते रानाला खत. ह्या माणसाची पिचकारी कुटल्या पिकाला घालायची, सांगा की!"

तिच्या नवऱ्यानं, धनाजीनं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी तंबाखू सोडली. कुणी म्हणतं माळ घातली, कुणी म्हणतं डॉक्टरनं सांगितलं. खरं कारण एवढंच की बायकोनं त्याचं अंथरूण उचलून मेंढरांच्या वाघरीत, जाळीच्या कुंपणात, टाकलं होतं. "त्यांच्यात झोपा. पर थुकू नगासा, त्यास्नी बी आवडत न्हाय."

अशा बाईला सोलापूरच्या स्टेशनात यावं लागलं, तेही धाकट्या दिराबरोबर, हे तिचं नशीब.

काम एकच होतं. लेक दिपाली पुण्यात बाळंत झाली. तेव्हा वस्तीवर मेंढरांना रोग पडलेला, म्हाळसाबाईला पाय काढता आला नाही. आता जावयाची बदली चेन्नईला झाली होती. तिघं पुण्याहून निघणार, गाडी सोलापुरात जेमतेम पाच मिनिटं थांबणार. तेवढ्यात नातीला हातात घ्यायचं. पुढं दोनेक वर्षं तरी त्यांचं येणं नव्हतं.

दीर जोतिराम भवानी पेठेत राहायचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूम चालवायचा. "वैनी, स्टेशन म्हंजी माजं अंगण हाय," असं त्यानं फोनवर सांगितलेलं. फोनवर बरा बोलायचा. समोर आला तेव्हा त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा मावा होता.

"भावजी, कुटल्या फलाटावर येती गाडी?"

जोतिरामनं हनुवटी वर केली, खालचा ओठ पन्हाळीसारखा पुढं काढला आणि हातानं 'थांबा' अशी खूण केली. मग स्टेशनाबाहेरच्या एका हॉटेलच्या भिंतीशी गेला. भिंतीवर देवांच्या फरशा लावलेल्या होत्या, निदान देवापुढं तरी लोक थुंकणार नाहीत म्हणून. लोकही श्रद्धाळूच. शंकराला चुकवून, गणपतीला चुकवून, बरोबर दोघांच्या मधल्या फटीत लाल धार लागलेली. जोतिरामनंही नेम धरला. पचाक.

"एक नंबर," तो परत येऊन म्हणाला. म्हणता म्हणता पुडीतली पुढची चिमूट गालात गेलीसुद्धा.

"आन डबा कुटं थांबतुया?"

हनुवटी वर. हात वर. पुन्हा तीच भिंत. पचाक. "फुडच्या अंगाला."

"मंजी हिकडं का तिकडं?"

"उं..."

"ऱ्हावू द्या! ऱ्हावू द्या, भावजी, बोलू नगासा!" म्हाळसाबाईनं पदर नाकाला लावला. एवढ्या मोठ्या स्टेशनात तिला वाट विचारायला हा एकच माणूस, आणि त्याला काही विचारावं तर आधी थुंकणार. त्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं. तिनं त्या क्षणी ठरवलं, आता एक शब्द विचारायचा नाही.

एक नंबरवर ती बाकड्याच्या शेजारी उकिडवी बसली, बाकड्याला हात न लावता, दोन्ही हात पदरात गुंडाळून. समोर सफाईवाली बाई फरशी पुसून नुकती पुढं सरकली होती. फरशीत तोंड दिसावं अशी लख्ख. तेवढ्यात इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी "जी सर, जी सर" करत आला, फोन कानापासून जरा लांब धरला, त्या लख्ख फरशीवर थुंकला आणि पुन्हा "जी सर" म्हणाला. सफाईवालीनं मागं वळून पाहिलं. बादली उचलून परत आली. म्हाळसाबाईच्या घशाशी सकाळचा चहा आला.

मग वर भोंग्यात बाई काहीतरी बोलली. मराठीत बोलली, हिंदीत बोलली, इंग्रजीतही बोलली, गलक्यात म्हाळसाबाईला एक शब्द उमगला नाही, आणि एकदम सगळा फलाट उठला. पिशव्या, पोरं, ट्रंका, सगळं पुलाकडं धावायला लागलं. जोतिराम रुळाच्या काठाशी थुंकायला वाकलेला, तो तोंड भरलेलाच धावत आला. "उं! उंउं! उं!" म्हणत त्यानं पुलाकडं बोट केलं आणि म्हाळसाबाईचं गाठोडं डोक्यावर घेतलं.

"जावा की तिकडं! लांब जाऊन थुका! लई लांब!"

वहिनी मागं येतेय असं समजून तो गर्दीत घुसला.

म्हाळसाबाई हलली नाही. मेंढरं बिथरून उधळली की धनगरानं आपल्या जागेवर उभं राहायचं, हे ती पोरवयात शिकलेली. त्यांच्या मागं पळालं की कळपही जातो आणि आपणही. उभं राहिलं की थोड्या वेळानं सगळी येतात मुकाट परत. माळावर हे कधी चुकलं नव्हतं. ती फलाटावर तशीच बसून राहिली, रिकाम्या होत जाणाऱ्या जागेकडं तुच्छतेनं बघत. 'काय पळत्यात! एक पळालं की समदी. मेंढरं बरी.'

बाकड्यावर चादरींचा गठ्ठा घेऊन साबेराआपा नावाची बाई बसली होती, आपल्या विजापूरच्या गाडीची वाट बघत. तिनं विचारलं, "अम्मा, कां जाना तुमे?"

"मला न्हाय जायचं. चेन्नईच्या गाडीत माजी लेक हाय."

"या अल्ला! वो गाडी तो तीन पे आरी! अब्बीच बोले ना भोंग्यात. सब लोगां गए, तुम बैठेच हैं!"

"ती उधळल्यात. येतील मागारी."

"कौन येतील? वो क्या बकऱ्यां हैं? उठो अम्मा, पुल चढो, जल्दी!"

तेव्हा कुठं म्हाळसाबाईच्या डोक्यात उजेड पडला. ती उठली आणि पळाली. पुलाच्या जिन्यावर वरून लोंढा उतरत होता. पदर सुटला. पाय घसरला तसा तिनं कठडा धरला, आणि तळव्याला जे कोमट, चिकट लागलं ते काय आहे हे बघायची तिला गरज नव्हती. दुसरा हात भिंतीला टेकला. तिथंही तेच. ती कोरडी ओकली. "अळ्या परवडल्या गं बाई, अळ्या परवडल्या," म्हणत, दोन्ही हात अंगापासून लांब धरून ती वर चढली, पुलावरून धावली, पलीकडं उतरली.

गाडी येऊन थांबली होती.

"वैनीऽ! हितं! हितं या!" जोतिरामचा आवाज आला. स्पष्ट आवाज. हाक मारायची घाई म्हणून त्यानं तोंडातलं सगळं गिळलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शब्दागणिक उचकी लागत होती.

दारात दिपाली, हातावर दुपट्यात गुंडाळलेली पोर. "आई! किती उशीर गं! धर, धर लवकर!"

म्हाळसाबाईनं हात पुढं केले आणि तळवे पाहिले. लाल. बोटांच्या बेचक्यांत सुपारीची भुकटी. तिनं हात मागं नेले.

"न्हाय. हात घाण हाईत."

"आता काय हात बघतीस? गाडी सुटंल!"

"सुटू दे. ह्या हातानं न्हाय धरायची."

जावई शिवानंद पाण्याची बाटली घेऊन पुढं आला. "मामी, हात करा." तो ओतत राहिला, ती घासत राहिली. लाल पाणी तिच्या पायांवर पडलं.

"राख हाय का?"

"मामी, गाडीत राख कुठली आणू?"

"मग जाणार न्हाय ते. निसत्या पाण्यानं थुकी जाती व्हय?"

बाटली संपली. गाडीनं हिसका दिला. दिपाली रडकुंडीला आली, "आई, निदान गालाला तरी हात लाव!"

म्हाळसाबाईनं हात पाठीशी बांधल्यासारखे घट्ट धरले आणि मान पुढं केली. नातीच्या मानेपाशी, दुपट्याच्या कडेला तिनं नाक खुपसलं आणि दीर्घ श्वास घेतला, मेंढी कोकराचा वास घेते तसा. दूध, पावडर, थोडं आंबूस काहीतरी. पोरीनं चेहरा आक्रसला. गाडी हलली, नाक सुटलं, दार पुढं गेलं. दिपालीचा हात बराच वेळ हलत होता. म्हाळसाबाईला हात हलवणंही सुचलं नाही, ते पाठीमागंच होते.

जोतिराम गाठोडं घेऊन जवळ आला. "वैनी, एवढ्या लांबनं आला आन घेतली न्हाय व्हय पोरीला?" आणि उचकी.

तिनं दोन्ही तळवे त्याच्या नाकासमोर धरले.

"हे बगा. ह्यातलं तुमचं कुटलं, त्या साहेबाचं कुटलं, वळकता येतंय का? मला न्हाय येत. दोन वर्सं, भावजी. दोन वर्सांनी ती पळत येईल, तवा हातात मावायची न्हाय."

जोतिरामनं खिशातली पुडी चाचपली आणि हात तसाच खिशात ठेवला.

"हुबं काय ऱ्हायलाय? नळ दावा. आन आधी बगून या, त्यात बी कुणी थुकलंय का."