अण्णांचा परतीचा फेरा

"कामून घाई करायलास? त्याला जुनं विसरू दे की आधी!" साउंडच्या मिक्सरच्या पडद्याकडं बोट दाखवत अण्णा असं म्हणाले, की समोरच्यानं मुकाट्यानं मांडी घालून बसायचं.

राजेश्वर गावापासून दुबलगुंडीपर्यंत जत्रेला, भजनाला साउंड लावणारे आम्ही लोक. आमचे डिजिटल मिक्सर आता म्हातारे झालेत. कंपनीनं त्यांची विचारपूस कधीच सोडली. नवं सॉफ्टवेअर कुठून शोधून आणायचे, ते अण्णांनाच ठाऊक. जत्रांच्या आधी मोटारसायकलला बॅटरी बांधून ते गावोगाव फिरायचे आणि एकेका मिक्सरात हे सॉफ्टवेअर भरायचे. आमच्या लायटीवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. मधेच वीज गेली तर मिक्सर कायमचा मुका.

नवं भरलं की आवाजाची जुनी जुळणी पुसली जाते. ती पुन्हा कानानं बसवावी लागते. त्यासाठी अण्णा गाणं लावायचे नाहीत, घरातल्या बाईच्या हातात माईक द्यायचे. "अक्का, आज काय केलंय सांगा की." माझी बायको लाजत "भाकरी, पुंडीची भाजी" म्हणायची आणि ते डोळे मिटून बटनं फिरवायचे. तिच्या स्वयंपाकाकडं मी कधी एवढं लक्ष दिलं नाही, हे ती मला अजून ऐकवते.

गेल्या हंगामात ती अशीच बोलायला लागली आणि स्पीकरमधून बारीक शिट्टी निघाली. तिनं कानांवर हात ठेवले. अण्णा मात्र खुशीत मान डोलवत होते. मी गुपचूप पुढं होऊन एक बटन खाली ओढलं. माझा हात त्यांनी पाहिला.

"शिट्टी होती व्हय?"

"व्हय, अण्णा."

"मला न्हाई आली ऐकू."

चहा तसाच ठेवून ते उठले. मग म्हणाले, "सात जणांचे मिक्सर केलोय यंदा. भर जत्रंत शिट्टी मारली तर त्या लेकरांचं नाव जातंय. चल माझ्यासंगं."

चार दिवस आम्ही फिरलो. प्रत्येक दारात, चपला काढायच्या आधीच ते सांगायचे, "माझे कान गेलेत. ऐकणार ह्यो, बटनं फिरवणार मी." ज्या कानांवर जन्म काढला, त्यांची अशी आपल्याच तोंडानं दवंडी पिटणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मला तर मान वर करवत नव्हती. तीन मिक्सर खरंच शिट्टी मारत होते.

"गप बसला असता तर कुणाला कळलं असतं, अण्णा?" मंठाळचा साउंडवाला म्हणाला.

"जत्रंला कळलं असतं."

दुबलगुंडीचं शेवटचं काम उरकून परतताना, दिवस मावळता, त्यांनी एका चिंचेखाली गाडी थांबवली. बराच वेळ वर बघत राहिले.

"पाखरं बसलेत न्हवं?"

"बसलेत."

"ओरडायलेत?"

चिंच नुसती किलबिलत होती. चार दिवस मी त्यांचे कान झालो होतो, एकदाही खोटं बोललो नव्हतो.

"न्हाई अण्णा. गप हायत."

"बरं," म्हणाले आणि गाडीला किक मारली.

जत्रा भरायच्या आतच अण्णा गेले. सातही मिक्सर हंगामभर स्वच्छ वाजले. चिंचेखाली मी त्यांच्याशी खोटं बोललो, ते मात्र अजून जिवाला लागून आहे.