हेझरॉनचं कुलूप

काकामेगाच्या रानाच्या कडेला राहून ज्याला कोंबड्या पाळायच्या आहेत, त्याने त्या आपण स्वतःसाठी पाळतोय अशा भ्रमात राहू नये. त्रुफेना तशी कधीच राहिली नाही. एकोणतीस वर्षांत तिच्या कोंबड्या ठिपकेवाल्या रानमांजराने खाल्ल्या, मुंगसाने खाल्ल्या, एक तर अजगराने खाल्ली आणि तो तिथेच चुलीमागे वेटोळं घालून झोपला. पाहुण्यांनी आणि पाद्र्यांनी खाल्ल्या त्या वेगळ्या.

पूर्वी कोंबड्या तिच्या स्वयंपाकाच्या खोपीतच, चुलीशेजारी टोपलीखाली झोपत. तीही तिथेच झोपे. रानमांजर कुडाच्या फटीतून आत शिरलं की कोंबड्यांच्या आधी तिला जाग येई आणि ती चुलीतलं जळकं लाकूड फेकून मारी. नेम चांगला होता. एकदा तिने नवऱ्यालाच मारलं. तो बाहेरून उशिरा आला होता आणि रानमांजराच्याच पावलांनी शिरत होता. त्यालाही जाऊन आता चौदा वर्षं झाली.

एकुलता एक मुलगा हेझरॉन नैरोबीला होता. गेल्या अकरा वर्षांत तो घरी आला नव्हता, पण “डिसेंबरात येतो, आई” असा त्याचा फोन मात्र दर वर्षी न चुकता येई. जुलै लागला की त्रुफेना एक कोंबडा बाजूला काढी. “हा हेझरॉनचा.” मग त्याला कुणी हात लावायचा नाही. डिसेंबर यायचा, हेझरॉन यायचा नाही, आणि जानेवारीत ती तो कोंबडा शिजवायची. कोंबडीचा पेटा, पोटातला तो मानाचा तुकडा, घरातल्या पुरुषाचा. बाईमाणूस तो तोंडात घालत नाही. आणि घरात पुरुष नव्हता. म्हणून ती पेटा केळीच्या पानात बांधून थोरल्या दिराकडे, शिटांडाकडे पोचता करी.

“पोरगं गुणी आहे,” शिटांडा दात कोरत म्हणायचा. “न येता काकाला खाऊ घालतं.”

दोन वर्षांपूर्वी हेझरॉनने पिंजरा पाठवला. चार पायांवर उभा, वर पत्रा, चारी बाजूंनी बारीक जाळी, दाराला कडी आणि कडीला पितळी कुलूप. पाठोपाठ फोन.

“आई, आता कोंबड्यांबरोबर झोपायचं नाही. इथे लोक हसतात.”

“त्यांना कोण सांगतं?”

“आणि रोज कुलूप लाव. मी विचारीन.”

आणि तो खरंच विचारू लागला. पाऊसपाणी, गुडघेदुखी, गावात कोण गेलं, कोण राहिलं, यातलं काही तो विचारत नसे, पण “कुलूप लावतेस ना?” हे मात्र दर फोनला असे. त्रुफेना रोज कुलूप लावी.

शेजारची जेरिडा पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, “हेझरॉनच्या आई, तुरुंग झकास आहे. कैद्यांनी गुन्हा काय केला?”

“पोराने पाठवलाय.”

“ते दिसतंच आहे. आणि सियाफू आले म्हणजे? त्याला सियाफू आठवत नाहीत का?”

सियाफू म्हणजे मुंग्यांची फौज. पावसानंतर ती रानातून काळ्या दोरखंडासारखी निघते आणि वाटेत येईल ते जिवंत खाते. तिच्याशी तिथे कुणी भांडत नाही. शेळ्या सोडायच्या, कोंबड्या मोकळ्या करायच्या, पोरं खांद्यावर घ्यायची आणि शेजारी जाऊन झोपायचं. सकाळी घरात उंदीर नाही की ढेकूण नाही. इतक्या कसोशीने घर झाडून देणारी मोलकरीण त्या मुलखात पगार देऊनही मिळत नाही. अट एकच: जो जीव आपल्या पायांनी निघून जाऊ शकेल, त्याला कोंडायचं नाही.

यावर त्रुफेनाचा उपाय राख हा होता. सियाफू कोरडी राख ओलांडत नाहीत. रोज संध्याकाळी ती चुलीतली राख सुपात घेऊन पिंजऱ्याच्या चारी पायांभोवती जाड कडं करी. मुलासाठी कुलूप, मुंग्यांसाठी राख. दोन वर्षं दोघांचंही समाधान झालं.

मग एका सोमवारी शिटांडा गेला. रात्री हेझरॉनचा फोन आला. “शनिवारी दफन ना? मी शुक्रवारी येतो. तुझ्याकडे जेवीन.”

“खरंच येशील?”

“गाडीत जागा मिळाली आहे, आई.”

गाडीत जागा मिळाली आहे, हे मात्र याआधी कधी झालं नव्हतं. या वर्षीचा कोंबडा तांबडा होता, शेपटीत एक पांढरं पीस. त्रुफेनाने त्याला त्या रात्री दोन मुठी मका जास्त घातला.

दफन होईपर्यंत भावकीतल्या आणि आळीतल्या बायका मयताच्या घरीच जेवतात, तिथेच जमिनीवर निजतात. त्रुफेना मंगळवारी गेली. संध्याकाळी तेवढी घरी येई, कोंबड्या कोंडी, कुलूप लावी, किल्ली चोळीत टाकी आणि परत जाई. कुलूप या दिवसांत हवंच होतं. मयताला आलेल्या लांबच्या नातेवाइकांचं दुःख दुसऱ्याच्या कोंबड्यांजवळ थोडं हलकं होतं. मंगळवारी राख होती. बुधवारी तिने चुलीचा तळ खरवडला. गुरुवारी दुपारी पाऊस झाला आणि राखेचं कडं वाहून गेलं.

गुरुवारी संध्याकाळी ती सूप घेऊन चुलीशी बसली. चूल तीन दिवस पेटलीच नव्हती. जेरिडाची चूल थंड, तिच्या पलीकडची थंड; सगळी आळी शिटांडाकडे जेवत होती. तिथे राखेचे ढीग होते, पण मयताच्या घरची राख आपल्या दारात कुणी आणत नाही. ती पिंजऱ्यापुढे उभी राहिली. कुलूप काढून दार उघडं ठेवलं तर वेळ आली की कोंबड्या उडून झाडावर बसतील. पण दार उघडं ठेवलं तर चोर आहे, रानमांजर आहे, आणि उद्या हेझरॉन आहे. तो आल्याआल्या विचारणार.

तिने कुलूप लावलं.

शुक्रवारी फटफटताच ती कोंबडा धरायला आली. कुलूप शाबूत होतं. जाळी शाबूत होती. आत पिसं होती, पाय होते, आणि शेवटच्या काही मुंग्या जाळीतून शिस्तीत बाहेर पडत होत्या. चौदा कोंबड्या. तांबडा कोंबडा सगळ्यांत वर, जाळीत नख्या अडकून लोंबत होता. त्याने बराच वेळ प्रयत्न केलेला दिसत होता.

जेरिडा मागून आली. तिने पिंजऱ्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, “रडून घे, बाई.”

“दुपारी येतोय तो.”

“माझी एक उरली आहे, अंड्यांवर बसलेली. ने.”

“अंड्यांवरून उठवून कापू?”

बाकीच्यांच्या कोंबड्या कधीच मयताच्या हंड्यांत गेल्या होत्या. दोघींनी केळीच्या बुडाशी खड्डा खणला. पिंजरा धुतला. जेरिडाने मुरेंड्याची बुळबुळीत पालेभाजी तोडून आणली आणि त्रुफेनाने चूल पेटवली.

हेझरॉन दोन वाजता आला. दाढी पांढरी झाली होती. त्रुफेनाने मनात ती काळीच धरली होती. तो मक्याच्या पिठाची उगाली आणि भाजी मन लावून जेवला.

“भाजी छान आहे, आई. कोंबड्या दिसत नाहीत?”

कुणी उत्तर द्यायच्या आत तो उठून पिंजऱ्यापाशी जाऊन आला. “रानमांजर?”

“हो.”

“म्हणजे कुलूप लावलं नव्हतंस.”

जेरिडा दारात पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. तिने तोंड उघडलं. त्रुफेनाने तिच्याकडे पाहिलं, आणि ते मिटलं. किल्ली चोळीत होती, अंगाच्या उबेने गरम.

“विसरले रे.”

“दोन वर्षं मी फोनवर एकच गोष्ट सांगतोय, आई. एकच!”

“म्हातारी झाले.”

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच तो मोकळा दिसला. त्याने हात धुतले आणि काकाच्या घरी गेला. शनिवारी दफन झाल्याबरोबर त्याची गाडी निघाली. खिडकीतून तो म्हणाला, “पुढच्या महिन्यात दुसरं कुलूप पाठवतो. हे जुनं झालंय.”

“पाठव.”

गाडी वळणाआड गेली तेव्हा जेरिडा म्हणाली, “त्याला सांगायचं तरी.”

“काय सांगू? कोंबड्या तूच मारल्यास म्हणून?”

संध्याकाळी त्रुफेनाने पुन्हा चूल पेटवली. आता खाणारी ती एकटी. तरी राख चांगली दोन मुठी निघाली. ती सुपात घेऊन तिने रिकाम्या पिंजऱ्याच्या चारी पायांभोवती कडं केलं. मग कुलूप लावलं. तो विचारणार होता.