शेऱ्याच्या रकान्यातला कवी

साजगावजवळच्या एका कागद कारखान्यात रत्नदीप सोनावळे बावीस वर्षं बॉयलर सांभाळत होता. दर तासाला वहीत दाब, तापमान, पाण्याची पातळी लिहायची आणि शेवटच्या रकान्यात शेरा. बावीस वर्षं शेरा एकच: 'काही विशेष नाही'. हात आपोआप लिहायचा.

एकदा मुलीचं, रियाचं, पुस्तक परत करायला तो कर्जतच्या वाचनालयात गेला. तिथे दारावर कागद चिकटवलेला होता: 'हायकू मंडळ. दुसरा रविवार. चहा मिळेल.' तो दिवस महिन्याचा दुसरा रविवारच होता. रत्नदीप चहासाठी थांबला.

मंडळाचे अध्यक्ष गुप्ते सर, निवृत्त शिक्षक. त्यांनी समजावलं, हायकू म्हणजे जपानी कविता. ओळी तीन, अक्षरं पाच, सात, पाच आणि ऋतूची खूण हवीच. पुढच्या महिन्यात रत्नदीप स्वतःचा हायकू घेऊन उभा राहिला.

दाब साडेनऊ.
खिडकीत साळुंकी.
तिचाही तेवढाच असावा.

सर बोटांवर अक्षरं मोजत होते. शेवटच्या ओळीला दोन्ही हात लागले.

"अक्षरांचं सोडा, सोनावळे, पण यात ऋतू कुठाय?"

"बॉयलरच्या खोलीत एकच ऋतू असतो सर. बारा महिने."

सगळे हसले, सर हसले नाहीत. पण निघताना त्यांनीच कपाटातून एक जाड पुस्तक काढून दिलं. त्यात लिहिलं होतं की जपानातही काही जणांनी ऋतूला रजा देऊन कचेऱ्या आणि कारखाने हायकूत आणले होते आणि त्यावरून बरीच बोलणी खाल्ली होती. रत्नदीपला भाऊबंद भेटल्यासारखं झालं.

"मी एकटा नाय गं," तो बायकोला, दीक्षाला म्हणाला. "तिकडं पन हायत."

"हां, पन तिकडं त्यांच्या बायका काय करतात, ते दिलंय का पुस्तकात?" दीक्षाने विचारलं. ते दिलेलं नव्हतं.

मग शेऱ्याचा रकाना हायकूंनी भरू लागला. पंपावर, कोळशावर, कँटीनच्या उसळीवर. दुपारी तीनला जितेश दुसऱ्या पाळीला यायचा, तो डबा ठेवायच्या आधी वही उघडायचा. "दादा, आकडे नंतर बघतो, आधी तुमचं वाचतो," म्हणायचा.

एका मंगळवारी त्याने वाचलं:

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे माझा सासरा.
दाब अकरा झाला
तरी हूं नाय की चूं नाय.

जितेश पोट धरून हसला. हसता हसता थांबला आणि वही घेऊन दाराशी आला.

"दादा, दाब साडेदहा झाला की ह्यो व्हॉल्व्ह आपसूक उडून वाफ सोडाया पायजे ना?"

रत्नदीप बाहेर सायकलला किल्ली लावत होता. किल्ली तशीच कुलपात राहिली. सकाळी दाब चढला होता खरा. त्याने कोळसा थांबवला, काटा खाली आला आणि तो तिसरी ओळ जुळवत बसला होता. काय लिहिलं ते आत्ता त्याला कळत होतं. दोघं आत धावले. जितेशने व्हॉल्व्हचा दांडा ओढून पाहिला. जाम. त्यांनी भट्टीतली आग बाहेर काढली, बॉयलर थंड केला.

मॅनेजर पाटणकर साहेब वही हातात धरून उभे राहिले. "सोनावळे, हे सरळ लिहिता येत नव्हतं?"

"लिवलं होतं साहेब."

"सासऱ्याच्या नावाने?"

चूक रत्नदीपची होती आणि ती त्याला चार रात्री झोपू देईना. त्याला मेमो मिळाला. शेरा पुन्हा 'काही विशेष नाही' झाला. पंधरा दिवसांनी जितेशच साहेबांकडे गेला. म्हणाला, "साहेब, 'विशेष नाही'वर माजी नजरच थांबत नाय. त्यांचं असलं की मी शब्दन्‌शब्द वाचतो. म्हनून तर व्हॉल्व्ह सापडला."

साहेबांनी विचार करून नियम काढला: आधी बिघाड साध्या भाषेत, मग जागा उरली तर काय ते करा. जागा एकाच ओळीची उरायची.

त्या महिन्यात रत्नदीपने मंडळात वाचलं:

नवा व्हॉल्व्ह ओरडला आणि मी पोटभर जेवलो.

"तीन ओळींतल्या दोन कुठे गेल्या?" गुप्ते सरांनी विचारलं.

"साहेबांनी कापल्या."

सरांनी मोजायला बोटं उचलली आणि पुन्हा खाली घेतली. "हा हायकू नाही," ते शेवटी म्हणाले. "पुन्हा वाचा बरं."

मंडळाची पुस्तिका निघाली, तेव्हा ती ओळ शेवटच्या पानावर, 'इतर' या मथळ्याखाली एकटीच होती. दीक्षाने माहेरी एक प्रत पाठवली. सासऱ्यांनी ती वाचली की नाही, ते अजून कळलेलं नाही.